काठ झिजलेला पेला

हरमल, पहिला दिवस

जुना काचेचा पेला ओळखायचा असेल तर आधी त्याचा तळ पाहावा, असे एका दिवाळी अंकातल्या लेखात मी लिहिले होते. वर्षानुवर्षे फळीवर, मेजावर, दगडावर टेकून तळाच्या कडेला बारीक चऱ्यांचे एक धुरकट कडे तयार होते. पॉलिश पेपरने घासून ते नकली करता येते, पण नकली कड्यातले चरे एकाच दिशेने जातात. खऱ्यातले वाटेल तसे जातात.

लेख छापून आल्यावर दोन महिन्यांनी हरमलहून फोन आला. बोलणाऱ्या बाई निवृत्त प्राथमिक शिक्षिका होत्या. त्यांनी विचारले, "आमच्या पेल्याचा तळ नवा आहे आणि काठ जुना. तुमच्या नियमात हा कुठे बसतो?"

कुठेच बसत नव्हता. म्हणून जानेवारीत गोव्याला गेलो.

हरमलच्या किनाऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर भाड्याच्या स्कूटर ओळीने उभ्या असतात. खोल्यांच्या पाट्या इंग्रजीत आणि रशियनमध्ये आहेत. त्या रस्त्यावरून डावीकडे, माडांच्या मधून जाणाऱ्या पायवाटेने आत गेले की आवाज एकदम थांबतो. कुंदाबाईंचे घर तिथे आहे. पुढे चार खोल्या पर्यटकांसाठी, मागे राहते घर, मध्ये विहीर आणि तिच्याभोवती कमरेइतका चिऱ्याचा कठडा. कुंदाबाई सत्तरीच्या पुढे आहेत. खोल्यांचा कारभार त्यांची नात तन्वी पाहते. ती सव्वीस वर्षांची आहे आणि मोजके बोलते.

पेला आधीच बाहेर काढून ठेवला होता. इकडे पेल्याला कोप म्हणतात. हा शब्द पोर्तुगीजांबरोबर आला आणि मेज, जनेल, पाव यांच्यासारखाच घरचा झाला. उंची साधारण चार इंच, आठ पैलू, तळ जाड. दोन बाजूंना साच्याची पुसट शिवण होती. म्हणजे फुंकून केलेला नाही, साच्यात दाबून घडवलेला. तळाला एका जागी नखाएवढा टवका उडालेला. पेला उजेडात धरला तर काचेत अगदी फिकी जांभळी झाक दिसत होती.

तळ स्वच्छ होता. काठ मात्र सबंध धुरकट झाला होता. बोट फिरवले तर बारीक खरखर जाणवत होती.

"पेपरवाले ना तुम्ही?" कुंदाबाई म्हणाल्या. "मला वाटलं, पेपरवाले पेल्यात काय आहे ते आधी बघतात."

पेल्यात विहिरीचे पाणी होते. ते प्यायलो. मी पेला मेजावर ठेवणार तोच त्यांनी हसून विहिरीकडे बोट दाखवले.

"आमच्याकडची रीत आहे. मानाचा कोप दुसऱ्याने धुवायचा नाही. जो प्यायला त्यानेच धुवायचा आणि कठड्यावर पालथा घालायचा. इथे हेडमास्तर आले, जावई आले. एकदा आमदार आले होते, त्यांनीसुद्धा धुतला."

"फोटो पण काढला त्याचा," तन्वी म्हणाली.

आमच्या सांगलीकडे पाहुण्याने उठून आपले भांडे विसळायला घेतले तर घरच्यांना ते लागते. इथे तोच मान होता. मी विहिरीवर गेलो, पेला विसळला आणि चिऱ्यावर पालथा घातला. काच दगडाला टेकताना किर्र झाले. काठ कसा झिजला ते कळले, पण पुरते नाही. असे पाहुणे वर्षातून चार-पाच वेळा येतात. एरवी पेला कपाटात असतो. तेवढ्याने काठ इतका झिजत नाही. शिवाय ती जांभळी झाक. जुन्या काचेत तिचा हिरवेपणा मारण्यासाठी मँगनीज घालत, आणि अशी काच वर्षानुवर्षे उन्हात राहिली तर जांभळी होते. कपाटात होत नाही.

पेल्याची हकिगत कुंदाबाईंनी जेवताना सांगितली. ताटात उकडा भात, बांगड्याचे हुमण आणि सोलकढी होती. त्यांचे आजोबा सोमा हे रेंदेर होते, म्हणजे माडावर चढून सूर, म्हणजे माडी, काढणारे. सोमा डिचोलीकडे एका भाटकाराच्या माडांवर कामाला होते. भाटकार म्हणजे बागायतीचा मालक. त्या घरात काचेच्या पेल्यांचा डझन होता आणि पोर्तुगीज साहेब आला की तो बाहेर निघे. पुढे सोमा काम सोडून हरमलला आले, तेव्हा त्यांतला एक पेला घेऊन आले.

"भाटकाराने मानाने दिला," कुंदाबाई म्हणाल्या. "आणि नुसता दिला नाही. मी पाच-सहा वर्षांची असेन. भाटकाराचा मुलगा आमच्या घरी आला होता. पांढरा सूट, पायात बूट. ह्याच कोपातून पाणी प्याला आणि स्वतः विहिरीवर जाऊन कोप धुतला. मी डोळ्यांनी बघितलंय. तेव्हापासून ही रीत."

"आज्ये, मान कसला?" तन्वी ताटावरून मान न उचलता म्हणाली. "घरचं भांडं द्यायचं नव्हतं म्हणून काच दिली. माडावरून उतरलेल्या माणसाला पितळी तांब्या कोण देणार?"

"तुला सगळं ठाऊक!"

"तुला पण ठाऊक आहे."

वाद जुना होता. पुढच्या खोलीत, पर्यटकांना दिसेल अशा काचेच्या कपाटात हा पेला वर्षभर ठेवलेला होता. त्याखाली कुंदाबाईंनी स्वतःच्या अक्षरात चिठ्ठी लावली होती: भाटकारांनी आमच्या आजोबांना सन्मानपूर्वक दिलेला पेला. दिवाळीत तन्वीने ती चिठ्ठी काढून टाकली. खोटे आहे ते लोकांना वाचायला लावू नये, एवढेच तिचे म्हणणे. तेव्हापासून पेला मागच्या घरात होता.

जेवण झाल्यावर कुंदाबाई माझ्याजवळ येऊन बसल्या. "त्या भाटकाराच्या घरातल्या काकी अजून आहेत. डिचोलीला असतात. कोप घेऊन जा, त्यांना दाखवा आणि विचारा. माझे आजोबा फसले होते काय? एक हलकी गोष्ट मानाची समजून जन्मभर मिरवली काय? पस्तीस-चाळीस वर्षं मी पोरांना शिकवलं, ही गोष्टसुद्धा सांगितली. मला खरं काय ते हवं. गोड करून सांगू नका."

डिचोलीला, दुसरा दिवस

काच प्रवासात कशी न्यावी याबद्दल माझे स्वतःचे काही नियम आहेत. कुंदाबाईंनी ते ऐकून घेतले आणि मोडीत काढले. बिस्किटांचा मोठा पत्र्याचा डबा घेतला, तळाला चार बोटे उकडे तांदूळ घातले, पेला तांदळाने गच्च भरून मधोमध ठेवला आणि वरून डबा काठोकाठ भरला. "अंडी अशीच पाठवतो आम्ही. तांदूळ हलत नाही, मग अंडं पण हलत नाही."

सकाळी पोदेराकडचा, म्हणजे पाववाल्याकडचा, गरम पाव आणि चहा घेऊन निघालो. म्हापशापर्यंत एक बस, तिथून डिचोलीची दुसरी. डबा मांडीवर होता. म्हापशाच्या पुढे एक मासळीवाली शेजारी बसली आणि तिने आपली पाटी डब्यावर टेकवली. मी डबा बाजूला ओढला.

"कितें आसा तांतूंत?" तिने विचारले. काय आहे त्यात?

"तांदूळ."

"तांदळांक इतलें जपपाचें कित्याक?" तिने आख्ख्या बसला ऐकू जाईल असे विचारले. तांदळाला इतके जपायचे कशाला? "घरांत बायल ना जाल्यार शीत तरी आसचें!" बायको नसली तरी भात असावा. बस हसली. अस्नोड्याच्या गतिरोधकावर झाकण उडाले आणि मूठभर तांदूळ तिच्या पाटीत, बांगड्यांवर पडला. पुढे डिचोलीपर्यंत दोन्ही तळहातांनी झाकण दाबून बसलो.

काचेच्या पेल्याचे आकर्षण कशात आहे, हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. त्या बसमध्ये त्यावर विचार करायला वेळ होता. आपल्याकडे काच नवी नाही. बांगड्या आणि मणी फार जुने आहेत. पण पिण्याचे भांडे काचेचे नव्हते. ते धातूचे किंवा मातीचे. धातूच्या भांड्यात पाणी आहे हे हाताला कळते, काचेच्या पेल्यात ते डोळ्याला आधी कळते. गोव्यात असे पेले जहाजांतून आले. आधी फुंकून घडवलेले आणि चाकावर पैलू पाडलेले, ते मोजक्या घरांत. एकोणिसाव्या शतकात साच्यात काच दाबायचे यंत्र आले तेव्हा पैलूदार पेला स्वस्त झाला आणि पोर्तुगालमधून, युरोपातल्या इतर कारखान्यांतून डझनांनी निघाला. कारखान्याची खूण बहुतेकांवर नसते. त्यामुळे अशा पेल्याचा इतिहास त्याच्या काचेत फार थोडा आणि तो वापरणाऱ्या घरात जास्त सापडतो. तोही तिथे कोणी सांगणारे असेल तर.

भाटकारांचे जुने घर आता नाही. कुटुंब डिचोलीच्या बाजाराजवळ एका इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहते. लिफ्ट आहे. दार दिलीपबाबांनी उघडले. ते साठी उलटलेले, बोलके गृहस्थ. फोनवर सगळे सांगितले होते, त्यामुळे पेले त्यांनी टीव्हीखालच्या कपाटातून काढून एका ओळीत मांडले होते. अकरा. त्यांच्या आई सुमतीकाकी खिडकीजवळच्या खुर्चीत बसल्या होत्या. वय ऐंशीच्या बरेच पुढे, नजर अधू, कान तीक्ष्ण.

आधी भाजी-पाव आणि मिरचीची भजी खाल्ली. मग दिलीपबाबांनी एक पेला हातात दिला. "ह्यातून खुद्द आदमिनिश्त्रादोर प्याले आहेत. म्हणजे तालुक्याचे सगळ्यात मोठे पोर्तुगीज साहेब. आमच्याकडे यायचे ते. आमच्या आजोबांचा मान तेवढा होता."

मी अकराही पेले एकामागून एक उजेडात धरून पाहिले. तीच उंची, तेच आठ पैलू, तीच शिवण. पण प्रत्येकाच्या तळाला धुरकट कडे होते आणि काठ गुळगुळीत होते. जांभळी झाक एकातही नव्हती. मग डबा उघडला, तांदूळ परातीत ओतला आणि बारावा पेला त्यांच्या शेजारी ठेवला. एकाच साच्यातले, एकाच डझनातले. बाकीचे सावलीत सरळ उभे राहून जुने झाले होते आणि हा एकटा उन्हात पालथा.

"बारा झाले की रे!" दिलीपबाबा म्हणाले. "आई, बारा झाले!"

"माझ्याकडे दे," काकी म्हणाल्या. त्यांनी पेला हातात घेतला आणि तळाचा टवका अंगठ्याने शोधला. तो सापडल्यावर त्यांनी मान हलवली. "सोमाचा."

"त्यांना मानाने दिला होता असं त्यांची नात म्हणते," मी म्हणालो.

"दिला नाही. त्याने मागून घेतला." काकींनी पेला मांडीवर ठेवला. "मी लग्न होऊन आले होते, वर्ष झालं नसेल. काम सोडून चालला तेव्हा पायरीशी उभा राहिला. माझे सासरे म्हणाले, काय हवं ते सांग. त्यांना वाटलं, धोतरजोडी मागेल, भात मागेल. तो म्हणाला, 'बाबा, हो कोप म्हाका दियात.' सासरे हसले. म्हणाले, ने. दुसऱ्या कुणाला चालतोय तो?"

"का चालत नव्हता?"

"त्याचाच होता ना तो. रोज उतरला की पाणी, कधी चहा, त्याच कोपात. प्यायचा, स्वतः धुवायचा आणि बाहेर कठड्यावर पालथा घालायचा. ऊन असो, पाऊस असो, कोप तिथेच. घरात यायचा नाही. ना तो, ना कोप."

दिलीपबाबा अस्वस्थ झाले. "आई, त्या काळी सगळीकडेच असं होतं."

"नव्हतं म्हणून मी कुठे म्हटलं?" काकी म्हणाल्या. "आणि तू तो साहेब-साहेब काय सांगतोस सगळ्यांना? त्यालाही काचच होती. घरचं पितळ त्याला दिलं असतं काय कुणी? तो विटाळच. फक्त तो खुर्चीवर आणि सोमा पायरीवर. साहेबाचा कोप गडी धुवायचा, सोमाचा सोमा. हा फरक."

मला आमच्या सांगलीच्या घरातल्या गोठ्यातला कोनाडा आठवला. तिथे कान तुटलेला एक कप असे. तो कोणाचा, हे मी कधी विचारले नव्हते.

आता प्रश्नाचे उत्तर मिळाले होते आणि ते तन्वीच्या बाजूने होते. ते कुंदाबाईंना कसे सांगायचे, याचा मी विचार करू लागलो. वहीत एक गोष्ट मात्र राहिली होती. पांढऱ्या सुटातला माणूस.

"तुमच्या घरचे कोणी नंतर हरमलला सोमाकडे गेले होते का?"

काकी हसल्या. त्या वयात माणसे सहसा तोंडभर हसत नाहीत, त्या हसल्या.

"आमचे हे गेले होते. केरीला जमिनीचं काम होतं, वाटेत तहान लागली म्हणून सोमाच्या घरी थांबले. सोमाने बसायला कदेल दिली, कोपातून पाणी दिलं. हे प्याले, कोप खाली ठेवून उठले. तर सोमा समोर उभा. म्हणाला, 'बाबा, धुवन दवरात.' धुऊन ठेवा. ह्यांना वाटलं, चेष्टा करतो. तो हात जोडून म्हणाला, 'तुमच्याच घरची रीत, बाबा.'"

"आणि त्यांनी धुतला?"

"धुतला. बूट ओले झाले होते विहिरीवर. घरी येऊन मला म्हणाले, 'उदक प्यालों, कोप धुवन दवरलो.' दुसरं काही बोलले नाहीत. सासऱ्यांना कळलं तेव्हा आठ दिवस अबोला होता. पण ह्यांनी त्यानंतर कठड्यावर कुणाचा कोप ठेवू दिला नाही."

दिलीपबाबांनी ही गोष्ट कधी ऐकली नव्हती. ते आईकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "मग हा कोप इथे राहू दे. डझन पुरा होईल. त्यांना हवे तर दुसरे काही..."

"तो त्याने मागून घेतलाय," काकी म्हणाल्या. "डब्यात घाल."

त्यांनी स्वतः पेल्यात तांदूळ भरला. बोटे चाचपडत होती, पण पेला मधोमध बसला. रिकामी जागा राहू नये म्हणून वर माडाच्या गुळाचा एक खडा ठेवला आणि झाकण लावून माझ्या हातात दिले.

हरमल, तिसरा दिवस

कुंदाबाईंना सगळे सांगायला अर्धा तास लागला. काही गाळले नाही. पायरी, कठडा, ऊन, पाऊस, रोजचे पालथे घालणे. जांभळी झाक कशाने येते तेही सांगितले. त्या पदराचे टोक बोटाला गुंडाळत ऐकत होत्या. तन्वी दाराला टेकून उभी होती. "मी म्हटलं होतं" असे ती म्हणेल असे मला वाटले, पण ती येऊन आजीशेजारी बसली.

मग केरीच्या वाटेवरची गोष्ट सांगितली. काकींचे शब्द वहीत लिहून घेतले होते, ते तसेच वाचले.

"तुमच्याच घरची रीत," कुंदाबाई हळू म्हणाल्या. "हे मी ऐकलं नव्हतं. मी विहिरीपलीकडे होते. मला नुसतं कोप धुणं आणि ओले बूट दिसले." त्या थांबल्या. "आणि आजोबा पुढे सगळ्यांना हेच सांगायचे. मोठा माणूस आला की म्हणायचे, कोप धुऊन ठेवा, मानाचा आहे. आम्हाला वाटायचं, कोपाचा मान."

"म्हणजे आमदारांकडूनसुद्धा तीच रीत!" तन्वी म्हणाली.

"आमदार," कुंदाबाई म्हणाल्या. "आणि ते शिक्षणाधिकारी, सफारी घालून आलेले. आणि तुझा बाप, लग्नाच्या आदल्या दिवशी. घाबरून त्याने दोनदा धुतला होता."

हसणे आधी तन्वीचे सुरू झाले. कुंदाबाईंना डोळे पुसावे लागले. ते पाणी सगळेच हसण्याचे होते, असे मला वाटले नाही. मग त्या उठल्या, टेबलाच्या खणातून कोरा कागद काढला आणि तन्वीपुढे ठेवला. "तू लिही. खरं तेवढंच."

तन्वीने बराच वेळ घेतला. तिने जे लिहिले ते एवढेच होते: सोमा रेंदेर यांनी मागून घेतलेला पेला. पाणी प्या, धुऊन ठेवा.

बसची वेळ होत आली होती. कुंदाबाईंनी डब्यातून पेला काढला, धुतला आणि पाण्याने भरून मला दिला. जानेवारीतही विहिरीचे पाणी थंड होते. काठाची खरखर ओठाला लागली. पहिल्या दिवशी ती बोटाला जाणवली होती, ओठाला नाही.

पाणी संपले. या वेळी कोणी बोट दाखवले नाही. मी उठून विहिरीवर गेलो.

"नीट धुवा हां," मागून कुंदाबाई म्हणाल्या.

नीट धुतला आणि कठड्यावर, उन्हात, पालथा घातला.